रुलोफचा वाढदिवस

१४ जानेवारी, आइंडहोवन
अर्ज नामंजूर. आईला इथे कायमचं आणता येणार नाही. कारण एका वाक्यात उरकलंय: तिची मुलगी तिकडे भारतात आहे, त्यामुळे आई माझ्यावर पुरेशी अवलंबून नाही. सांगलीला शरयूला फोन केला. ताई ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे मी मेल्यावर अर्ज करायचा का?" तिच्या नवऱ्याची बायपास झालीय, त्याचं सगळं तिच्यावर, आणि वर आई. गेल्या आठवड्यात आई दूध आणायला म्हणून निघाली ती मिरजेच्या बसमध्ये जाऊन बसली. कंडक्टर ओळखीचा निघाला म्हणून परत आली. वकील म्हणतो अपील करू, पण फार आशा ठेवू नका. आज संक्रांत होती, मुग्धाच्या आणि माझ्या दोघांच्याही लक्षात नव्हतं.

१९ जाने.
टीव्हीवर रुलोफ. मार्चच्या निवडणुकीसाठी पक्षाने त्यालाच पुढे केलंय. ईरा बालवाडीत होती तेव्हा हा आमच्या भागाचा साधा नगरसेवक. शनिवारी बाजारात पत्रकं वाटायचा, शेजारी मी. डच पासपोर्ट मिळाला त्याच आठवड्यात मी पक्षाचा सभासद झालो. शिस्त, बचत, कुटुंब, स्वतःच्या पायावर उभं राहणं. मला ते सगळं आमच्या घरातलंच वाटलं. पुढे तो खासदार झाला, मग गटनेता. प्रत्येक सभेत एक वाक्य ठरलेलं: "माझा एक भारतीय मित्र आहे. आला, राबला, कधी काही मागितलं नाही." मी पहिल्या रांगेत ताठ बसलेलो असायचो.

या वेळच्या पत्रकावर आहे की परदेशातले आईवडील आणायची जी थोडी फट उरलीय तीही बुजवू. डिसेंबरात ते मीच वाटलं. आईचा अर्ज तेव्हा खात्यात पडून होता. तरी ते दुसऱ्या कुणासाठी आहे असंच वाटत होतं. अक्कल म्हणतात ती अशी.

३ फेब्रु.
शरयू म्हणाली, "दादा असते तर एव्हाना साहेबांना भेटून आले असते." दादा म्हणजे आमचे वडील. जन्मभर एकाच साहेबांचे कार्यकर्ते. साहेबांच्या वाढदिवसाला रांगेत उभं राहायचं, हार घालायचा, वाकायचं, आणि साहेब पाठीवर हात ठेवतात तेवढ्यात शब्द टाकायचा. ताईची शाळेतली नोकरी, माझी हॉस्टेलची खोली, सगळं असंच झालं. मला भयंकर लाज वाटायची. एकदा त्यावरून दादांशी भांडलोही.

शनिवारी रुलोफचा वाढदिवस. आम्हाला बोलावलंय. मु. म्हणाली, "तिथे विषय काढू नकोस हं." नाही काढणार, म्हटलं.

८ फेब्रु.
काढला.

इथला वाढदिवस म्हणजे आत शिरल्यावर त्याच्या आईचं, बायकोचं, मेहुण्याचंसुद्धा अभिनंदन करायचं. मग भिंतीकडेने गोलात मांडलेल्या खुर्च्यांवर बसायचं. केकचा एक तुकडा, एक कप कॉफी. पक्षाचीही चार माणसं होती. सगळं ठीक चाललं होतं. मग रुलोफनेच विचारलं, "आई कशी आहे?" ती इथे तीन महिने राहून गेली तेव्हा तिने त्याला वरणभात वाढला होता, बाळ म्हणाली होती त्याला. तो विसरलेला नाही.

मी सुरू झालो तो थांबेचना. बस, दूध, अर्ज. मध्येच कळलं की मी उभा आहे आणि बाकी सगळे बसलेत. हात जोडलेले. "तू एकदा त्यांच्याशी बोल रुलोफ. तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही." कुणी हललं नाही. त्याची आई बशीतल्या केककडे बघत राहिली. तो हळू आवाजात, अगदी प्रेमाने म्हणाला, "यासाठी सरकारी खात्यात खिडकी आहे. ती सगळ्यांना सारखीच." मग मेहुण्याने छपराच्या दुरुस्तीचा विषय काढला.

मु. सायकलवर घरापर्यंत माझ्या पुढे होती. मी दादांचा मुलगा आहे, दुसरं काय.

४ मार्च
आर्नहेमला काल त्याची मोठी सभा. मी गेलो नाही. ईराने फोनवर दाखवलं. रुलोफ म्हणत होता: "माझा अगदी जवळचा मित्र. माझ्या वाढदिवशी, माझ्या आईच्या देखत, त्याने स्वतःच्या आईसाठी माझ्याकडे सवलत मागितली. मी नाही म्हणालो. त्या रात्री झोपलो नाही, पण नाही म्हणालो. मित्राला नाही म्हणणारा पंतप्रधान तुम्हाला हवा आहे का?" अख्खं सभागृह उभं राहिलं.

ईराने डचमध्ये विचारलं, "बाबा, हे तुम्ही आहात?" मी मराठीत हो म्हणालो. ती फोन घेऊन वर गेली.

नाव घेतलं नाही त्याने. ऑफिसात कॉफी मशीनपाशी एकजण म्हणाला, असा माणूस पाहिजे. मी मान हलवली.

२१ मार्च
सगळ्यांत मोठा पक्ष. टीव्हीवरचे तज्ज्ञ म्हणतात, आर्नहेमच्या भाषणाने वारं फिरलं. चला, आई कुणाच्या तरी कामी आली. मत कुणाला दिलं ते मी इथेही लिहिणार नाही.

११ जून
अपील फेटाळलं. तिकडे हेगमध्ये सरकार बनवायच्या वाटाघाटी, त्यातही आईवडिलांचं ते कलम आहे आणि त्यावर म्हणे सगळ्यांचं एकमत.

व्हिडिओवर आई: "तुझा तो मित्र निवडून आला ना? मग आता काळजी नाही." नाही, म्हटलं. मागे शरयू उभी होती. तिने तोंड फिरवलं.

२९ ऑगस्ट
रुलोफची पंतप्रधानपदाची शपथ झाली. राजासोबत पायऱ्यांवर फोटो, निळा सूट, केस नीट बसवलेले. संध्याकाळी त्याचा मेसेज: "तुझ्याशिवाय इथवर आलो नसतो. एकदा कॉफी घेऊ." त्याला हे मनापासून वाटतं. ढोंगी असता तर चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. "अभिनंदन" एवढंच लिहून पाठवलं.

मु. भाजी निवडत होती. म्हणाली, "तूच जा ना वर्षभर आईंकडे. मी बघते ईराचं." इतक्या साधेपणाने म्हणाली. प्रोजेक्ट, घराचं कर्ज, ईराचं शेवटचं वर्ष, सगळी कारणं तोंडाशी होती. एकही सांगवेना. जेवलो नाही.

१७ सप्टें.
ऑफिसात बिनपगारी रजेचं विचारायचं ठरवलं होतं. आजही विचारलं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार
शरयूने मिरजेच्या अलीकडे एक वृद्धाश्रम पाहून ठेवलाय. एक जागा रिकामी झालीय. म्हणाली, "माझ्याच्याने आता होत नाही रे, मला माफ कर." माफी तिने मागायची, काय पण. आज आईला घेऊन गेली.

आत्ता फोन आला. आई गाडीतून उतरत नाही. आरडाओरडा नाही, रडणं नाही. पर्स मांडीवर घेऊन बसलीय आणि म्हणते, मुलाला विचारल्याशिवाय मी कुठे राहणार नाही. शरयूने फोन तिच्या कानाला लावला. कितीतरी महिन्यांत ऐकला नव्हता इतका स्वच्छ आवाज होता.

"राहू का रे मी इथे? तू म्हणशील तसं."

"आई, पाच मिनिटं थांब. फोन करतो."

मु. दारात उभी आहे. लिहीत बसलोय. शरयूचा मेसेज आलाय: ऊन फार आहे, गाडीतच बसलोय दोघी, लवकर सांग.