फाटकाला लावलेला डाग

प्रिय ठोक्या,

चाळिशी ओलांडलेल्या माणसाला आईनं या नावानं हाक मारावी का, ते तूच ठरव. जेवायला बसलास की चमच्यानं ताट ठोकत राहायचास, म्हणून बाबांनीच ठेवलेलं नाव आहे. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण मी त्यांचं ऐकत नाही.

बातमी अशी, की चॅपलच्या कबरस्थानाची दगडी भिंत एकदाची दुरुस्तीसाठी उतरवली. झाडाच्या मुळांमुळे पोट सुटलेली ती बाजू, जिच्यावर बसून तू शाळा बुडवायचास, तीही. गवंडीकाका प्रत्येक दगड हातात फिरवून बघतात, त्याच्याशी काहीतरी पुटपुटतात, मगच बसवतात. मध्यंतरी कुणीतरी सांध्यांत सिमेंट भरलं होतं. त्यामागे पाणी कोंडून दगडच झडायला लागला, म्हणून ते खरवडून आता पुन्हा चुना भरताहेत. मी चहा नेऊन देते आणि दगडांशी कमी बोला, असा दमही देते.

फाटकही उतरवलंय. तुझ्या आजोबांनी घडवलेल्या दोन्ही झडपा आपल्या भट्टीसमोर आडव्या पडल्या आहेत. उजवीची बिजागरी पार झिजलीय, कारण येणारे-जाणारे तीच ढकलतात. डावीचा अडसर फक्त शवपेटी आत न्यायची असली की काढतात, त्यामुळे ती अजून धडधाकट आहे. तिच्यावरची तुटलेली लोखंडी वेल तुला आठवत असेलच. मला तर तो दिवस विसरता येत नाही.

शिकून नुकताच आला होतास, वेल्डिंगचं नवं यंत्र घेऊन. कुणाला न विचारता ती वेल जोडलीस. बाबा आले, जोडावरून अंगठा फिरवला आणि चारचौघांत म्हणाले, “आजोबांच्या फाटकाला डाग लावलास!” तू हातमोजे ऐरणीवर टाकलेस आणि त्याच आठवड्यात घर सोडलंस. फोन करतोस, पण मला. ते खोलीत आहेत असं कळलं की तुला घाई असते. आणि ते म्हणतात, “त्याला शहराची ओढ, जाऊ दे.” दोघंही एकाच भट्टीतले.

परवा भिंतीच्या कामावरची इंजिनिअर मुलगी फाटक बघायला आली. म्हणाली, हा जोड नंतरचा दिसतोय, कापून नवा करू. बाबांना हल्ली दारापर्यंत गेलं तरी धाप लागते, पण माझा हात धरून भट्टीपर्यंत आले. त्या जोडावर अंगठा ठेवून म्हणाले, “या डागाला हात लावायचा नाही. माझ्या पोरानं लावलाय. इतका साफ डाग आमच्या भट्टीत कुणाला जमला नाही, मलासुद्धा नाही.”

अरे, डाग म्हणजे जोड रे! फुटक्या भांड्याला देतात तो. जन्मभर ते वेल्डिंगला डागच म्हणत आले. तुलाही ते माहीत होतं, पण न विचारता हात घातला होतास, मनात धाकधूक होती, म्हणून तुला दुसराच डाग ऐकू आला. मलाही तोच ऐकू आला. संध्याकाळी त्यांना विचारलं, तर माझ्याकडेच खुळ्यासारखे बघायला लागले. “शाबासकी दिली होती मी,” म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. शाबासकी द्यायची ही कुठली पद्धत! इतका राग आला मला. मग त्यांचे खांदे हलताना दिसले आणि तो सगळा गेला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलंय, फुप्फुसं थकली आहेत, फार आशा धरू नका. फोनवर सांगितलं असतं तर तू गप्प झाला असतास आणि मी रडले असते. भिंत होत आली, मग फाटक बसेल. उजवी झडप गवंडीकाका बसवतील. डावीला बाबा कुणालाच हात लावू देत नाहीत. ज्यानं डाग लावला तोच बसवेल, म्हणतात. तर ये. तू ती बसवताना त्यांना बघू दे. बसवल्यावर ती पहिल्यांदा कुणासाठी उघडणार, हे त्यांनाही कळलंय. त्याआधी ये.

रस्त्याकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई