वरचे एकतीस सेकंद

रवि. ५ ऑक्टो.
१:०६:४०. चिखल, घाम, पोटरीत गोळा. तरी गेल्या महिन्यापेक्षा दोन मिनिटं कमी. "एकेचाळीसच्या बाईला हे लय झालं," दशरथ म्हणाला. तो जव्हारची जीप चालवतो आणि दहा किमी पंचेचाळीस मिनिटांत पळतो, त्याला बोलायला काय जातं. मला जानेवारीच्या दौडीत तासाच्या आत यायचंय. सांगून टाकलं सगळ्यांसमोर. आता मागे फिरता येणार नाही.

सलीमभाईंनी वहीत वेळ लिहिली, वर बघितलंही नाही. गुडघा गेल्यापासून ते पळत नाहीत, पण दर रविवारी जव्हारहून मोटरसायकलवर येऊन घड्याळ धरतात. धंद्याने शिंपी. आमच्या धावणाऱ्यांच्या मंडळाच्या बनियनी त्यांनीच शिवल्या. जो तासाच्या आत येतो त्याच्या बनियनवर, छातीशी, तांबड्या दोऱ्याने नाव घालतात. आतापर्यंत चार नावं. चारही पुरुषांची.

गुरु. १६ ऑक्टो.
भातकापणी. धावणं बंद. आत्या (सासू असली तरी मी आत्याच म्हणते) शेतात सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "कापायला हिची कंबर दुखते, धावायला नाय दुखत." बायका हसल्या. मीही हसले. दुखतेच कंबर.

तिचं खरं दुखणं वेगळं. मी सुकले असं तिला वाटतं. रोज माझ्या ताटात एक भाकरी जास्त. तिचं माहेर वावरचं. उपासमारीनं पोरं गेली त्या वाईट साली भावाचं पोर तिच्या मांडीवर गेलं. तेव्हापासून कुणाचं हाड वर आलेलं दिसलं की तिला...

रवि. ९ नोव्हें.
१:०३:५०. मोखाड्यातून तहसीलसमोरून निघायचं, पोशेऱ्याच्या रस्त्याने पाच किमी, वळून परत. दोन किमीवर आमच्या पाड्याचा फाटा. येताना तोच आठव्या किमीवर. त्यापुढे चढ, आणि तिथंच माझं सगळं जातं. दशरथ म्हणतो, घर दिसलं की तुझे पाय मंदावतात. असेल.

रस्त्यात भेटेल तो विचारतो, "बाय, कठं?" कुठंच नाही, जाऊन परत यायचं, असं सांगते. हे उत्तर अजून कुणाला पटलेलं नाही.

मंगळ. २ डिसें.
माझ्या अंगणवाडीत पोरांची वजनं. एका पोराचं ८.९ किलो भरलं. त्याची आई म्हणाली, "बाय, नऊ लिवा ना. सासू बोलते मना." मी ८.९ लिहिलं. "शंभर ग्रामानं काय होतं?" शंभर ग्रॅमनेच होतं. गेल्या महिन्यात ८.६ होतं, मधले तीनशे ग्रॅम पोरानं स्वतः कमावलेत, मी फुकटचे वाढवून त्याचे खरे कशाला झाकू. असं म्हटल्यावर हसली आणि पोराला उचलून फिरवलं.

संध्याकाळी फाट्यापासून चढ, चार वेळा. चौथ्याला पाय थरथरत होते.

रवि. २१ डिसें.
१:००:४८!

सलीमभाई पहिल्यांदा वहीतून वर बघून बोलले. "बाई, दोरा आणून ठेवतो."

ह्यांना ठाण्याला फोन केला. "बरं," म्हणाले. कामावर होते. पाच मिनिटांनी स्वतःच फोन करून विचारलं, "किती म्हणालीस?"

शनि. १७ जाने.
उद्या. बनियन धुऊन वाळवली. नाव येईल ती जागा हाताने सरळ केली. कुणी पाहिलं नाही.

आत्याला सांगितलं, उद्या दौड. "माहीत हाय." एवढंच बोलली. नाचणीचं पीठ भिजवत होती. कशाला ते मी विचारलं नाही.

रवि. १८ जाने.
१:००:३१.

नीट लिहून ठेवते, नाहीतर लोक सांगतील तेच खरं वाटायला लागेल.

थंडी छान होती, अंग हलकं. दशरथने स्वतःची दौड सोडली आणि मला वेग धरून दिला, कायम दहा पावलं पुढे. जाताना आमचा फाटा रिकामा. पाच किमीला २९:२०. वळले तेव्हा वाटलं, आज होतंय.

आठव्या किलोमीटरला, फाट्यावर, आत्या. ठेवणीतलं लुगडं, एका हातात तांब्या, एका हातात पेला. दौड आठला सुटली, ही सहापासून घरी तयार होऊन बसली होती म्हणे. चार महिने माझ्या धावण्याबद्दल एक बरा शब्द नाही, आणि आता ही तिथं उभी. मला भरून आलं. पळता पळता घ्यावा म्हणून हात पुढे केला. तिने पेला मागे घेतला.

"पहिली बस. मंग पी."

आमच्या घरात उभ्याने कुणी काही पीत नाही. उभ्याने प्यायलेलं अंगी लागत नाही, हे तिचं म्हणणं, आणि लग्न झाल्यापासून मी ते मोडलेलं नाही. किलोमीटरच्या दगडावर बसले. दशरथ जागच्या जागी उड्या मारत होता. आत्या त्याला म्हणाली, "तू पण." तो तिचा लांबचा भाचा. तोही मुकाट बसला.

नाचणीची गार आंबील, ताक, मीठ, थोडी मिरची. पेला अर्धा ठेवून उठता येत नाही, ती बघत असते. मागून दोन पोरी हसत गेल्या. शाळेचे एक गुरुजी गेले, "चालू द्या, चालू द्या" म्हणत. तळापर्यंत प्यायले. तिने तोंड पदराने पुसलं माझं. एकेचाळीस वर्षांची मी. मग म्हणाली, "आता जा."

तो चढ मी इतक्या जोरात कधीच चढले नव्हते. आंबिलीमुळे की रागामुळे, माहीत नाही. राग होता थोडा. खोटं कशाला लिहू.

पोहोचले तेव्हा सलीमभाई घड्याळाकडे बघत. "बाई, फाट्यावर काय झालं?"
"बसले होते."
"बसले?"
दशरथ म्हणाला, "मामी बस म्हणाली, मी काय करू?" त्याच्या हातातल्या घड्याळात होतं: बसलो ते उठलो, पन्नास सेकंद.

सोम. १९ जाने.
दशरथचं म्हणणं, पन्नास वजा करा, ५९:४१, नाव घाला, विषय संपला. बाकीचेही तेच. सलीमभाई पेन धरून बसलेले. "तुमी सांगाल ते लिवतो, बाई."

१:००:३१ लिहा म्हटलं. ८.९ ला ८.९ लिहिणारी मी.

रडले नाही. म्हणजे न्हाणीत थोडं. पण अभिमान वाटतो तो वाटतोच. आजवरची माझी सगळ्यात चांगली वेळ, आणि त्यात मी पाहुण्यासारखी बसून आंबील प्यायले. मंडळातल्या कुणाला जमलंय?

आत्याला काही सांगायचं नाही. दशरथला बजावलं.

गुरु. २२ जाने.
दशरथच्या पोटात काही राहत नाही.

आत्या आज त्याच्याच जीपने जव्हारला गेली, थेट सलीमभाईंच्या दुकानात. त्यांचा मला फोन. "अम्मा आल्यात. बोलतात नाव घाला, चूक माझी हाय, पोरीची नाय." ते म्हणाले, नियम आहे, त्यांच्या सख्ख्या भावाचंही नाव घातलेलं नाही. चहा पाजला तिला. मग तिने विचारलं, "एकतीस शेकंद म्हंजे किती?" त्यांनी भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. काटा बारावरून सहाच्या जरा पुढे जाईपर्यंत ती बघत राहिली. "एवढंच?" म्हणाली. परत एकदा बघितलं.

 जेवताना ताटात जास्तीची भाकरी नव्हती. मीच मागून घेतली.

रवि. १ फेब्रु.
पुढची दौड वर्षाने. तरी घड्याळ लावून पूर्ण दहा पळायचं ठरवलं.

येताना फाट्यावर आत्या. कासोटा घट्ट, पदर खोचलेला, पायात काही नाही. मी वेग कमी केला, दगडाकडे वळले.

"थांबू नको," म्हणाली, आणि पेला पुढे धरून माझ्या बाजूने धावायला लागली.

साठ कधीच ओलांडलेत तिने.  "धावत पी. बसायचं ते घरी बस." वीस-पंचवीस पावलं आली असेल. अर्धी आंबील माझ्या बनियनवर, नेमकी नाव यायच्या जागी. उरलेली मी प्यायले, पेला तिच्या हातात दिला. थोडं पुढे जाऊन वळून पाहिलं तर किलोमीटरच्या दगडावर बसून दम खात होती. मला हाताने 'जा, जा' करत.

१:००:०४.

सलीमभाईंनी वहीत लिहिलं. मग बनियनवरचा डाग बघत राहिले. "धुवा नीट," म्हणाले. "तांबडा दोरा साफ कापडावरच शोभतो."

घरी आत्या अंगणात तांदूळ निवडत होती. मान वर न करता विचारलं, "किती?"

"चार सेकंद जास्त."

तिने एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "पेला मोठा हाय. लहान घेते."