माळावरची पोती

पोळ्याचा दुसरा दिवस, १९४८

प्रिय केशव,

तुझा निरोप कचरूनं काल गुरं घेऊन आल्यावर सांगितला. वेशीबाहेर आता फक्त गुराख्यांनाच सोडतात, म्हणून हे पत्र त्याच्याच घोंगडीत शिवून देते आहे. पंचमीला माहेरी आले ती मी इथंच अडकले. तुम्ही नाल्यावरचा पूल पाडलात, जालन्याहून येणारी निजामाच्या फौजेची रसद तुटली, तेव्हा मलाही बरं वाटलं होतं. पण गढीत उतरलेली तुकडी उपाशी राहिली नाही. तिनं घरोघरच्या कणग्या उपसल्या आणि वेस बंद केली. यंदा पोळ्याचे बैलसुद्धा गल्लीतच फिरवले.

मग विमान येऊ लागलं. तुकडीचा जमादार गावातली पांढरी धोतरं गोळा करून माळावर अंथरायला लावतो. ती खूण बघून विमान घिरट्या घालतं आणि वरून पोती सोडतं. पहिल्या दिवशी आईनं घाबरून देव्हाऱ्यातले देव पदराखाली घेतले. एक पोतं झुंबरबाईचं छप्पर फोडून थेट चुलीवर आदळलं. ती बिचारी मातीत मिसळलेलं पीठ सुपात भरत होती, तर शिपायानं सूपही ओढून नेलं. लाज वाटते सांगायला, पण आता आम्हीही त्या घरघरीकडे कान लावून बसतो. विमान आलं तर ओंजळभर पीठ आमच्या वाट्याला येतं. नाही आलं तर उरलंसुरलं धान्यही जातं.

तुम्ही बाजरीत दडून पहिल्यांदा गोळ्या झाडल्यात, तेव्हापासून शिपाई माळावर पाय ठेवत नाहीत. पोती उचलायला गावकऱ्यांना पाठवतात, घरटी एक माणूस. आपल्या घरातून धाकटा जगन्नाथ जायचा. मी अडवलं तर म्हणाला, "अक्का, म्या न्हाई गेलो तर मायला नेतील." मागच्या खेपेला झड लागली होती. जमादारानं एका शिपायाचा खाकी कोट त्याच्या अंगावर टाकला. "भीग जाएगा, पहन ले," म्हणाला. ती दया होती की दुसरं काही, ते मला अजून उमगत नाही.

तुझा निरोप होता, "अक्काला सांग, खाकीवाला एक लोळवला, माझ्याच गोळीनं." कचरू तो सांगताना खाली मान घालून उभा होता. तुला खरं सांगायचं त्याला धाडस झालं नाही. मलाही होत नव्हतं, म्हणून इतकं इकडचं तिकडचं लिहीत बसले. केशव, तो आपला जगन्नाथ होता. त्याला वेशीच्या आतच, मारुतीच्या मागं अग्नी दिला. आईला चेहरा तेवढा दाखवला आणि पोतं अंगावर पडलं म्हणून सांगितलं. तिला तेच खरं वाटू दे. तुला मात्र कळायलाच हवं, कारण उद्या पुन्हा धोतरं अंथरायची आहेत, आणि आपल्या घरातून आता मी जाणार आहे. माळावर धावताना जो कुणी दिसेल, त्याच्या अंगावर काहीही असो, तो गावातलाच असेल. बंदूक खाली ठेव. आणि हे वाचून वेशीवर धावून येऊ नकोस. आई अजून रोज विचारते, केशव कुठं जेवत असेल.

तुझीच,
शरयूअक्का