सतरा नंबरची हजेरी

ता. ३, सोमवार

पोचले. खोली दोघींची आहे. खिडकीतून चौक दिसतो. एका बाजूला अग्निशमन केंद्र, समोरच्या बाजूला बेकरी. केंद्राच्या दारात लाल गाडी उभी. दिवसभर पुसत असावेत, तिच्यात तोंड बघून भांग पाडता येईल.

दुसऱ्या खाटेवर एक नर्स आहे. वयाने माझ्यापेक्षा मोठी, देश वेगळा, भाषा वेगळी. तिने खुणेने विचारलं, घोरतेस का? मी नकाराची मान हलवली. मग तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि जोरात होकार दिला. आधी सांगितलं, बरं झालं!

साहेबांचं बोलणं डोक्यातून जात नाही. या कार्यशाळेसाठी माझं नाव त्यांनी मला न विचारताच दिलं. निघताना म्हणाले, "जाऊन या. आलात की एकदाच सांगा, माईक की भांडार. मी पुन्हा विचारणार नाही." माणूस चांगला आहे. नऊ महिने मला वायरलेसच्या भांडारात त्यांनीच सांभाळून घेतलंय. बॅटऱ्या चार्ज करायच्या, हेडफोन पुसून ठेवायचे. तिथे कुणी बोलत नाही. मला तिथे वाईट वाटत नाही – अडचण तीच आहे.

ता. ४, मंगळवार

पूर, भूकंप असं काही झालं की पोलीस, सरकारी अधिकारी, आरोग्यसेवक आणि गावोगाव फिरणारे कार्यकर्ते यांनी एकमेकांच्या पायात न येता काम कसं करायचं, ते इथे शिकायचं. कुठकुठल्या देशांची माणसं आहेत. माझ्या कानामागे एक दुभाषी मुलगी बसते. भारी प्रामाणिक. प्रशिक्षक बाईंना शिंक आली तर म्हणाली, "त्या शिंकल्या."

बाई किडकिडीत, गळ्यात शिट्टी. पहिला नियम त्यांनी फळ्यावर लिहिला – वायरलेसवरचा प्रत्येक निरोप 'सराव' या शब्दाने सुरू करायचा आणि त्याच शब्दाने संपवायचा. नाहीतर ऐकणारा खरं समजेल. आणि ऐकणारे आहेत! समोरचं अग्निशमन दल याच चॅनेलवर असतं.

जेवणापर्यंत नियमाची पार वाट लागली. "सराव. मीठ द्या. सराव." एक पोलीस अधिकारी आहे, दारातून आत यायला त्याला तिरकं व्हावं लागतं. मी मनात त्याला पहाड म्हणते. तो वाढणाऱ्याला म्हणाला, "सराव. माझं पोट भरलं. सराव." आणि पुन्हा ताट पुढे केलं.

मी हसले. नर्सने वळून पाहिलं.

ता. ५, बुधवार

लेकीचा फोन. तिचं वायरलेसचं प्रशिक्षण संपलं. आता नेमणूक कुठे होते ते बघायचं. मी विचारलं, काही कानावर आलं का? म्हणाली, "जिथे कुणी जायला तयार नसेल तिथे टाकतील. नव्या पोरांचं तसंच असतं, आई." मग मलाच उलट विचारलं, "तिकडे माणसांशी बोलतेस का? की तिथेही भांडार शोधलंस?"

जीभ अगदी बापाची!

ता. ६, गुरुवार

प्रत्येकाने आपल्याकडची कामाची एक पद्धत दाखवायची आहे. माझी पाळी शनिवारी. माझ्याकडे एकच आहे – संध्याकाळची हजेरी.

नियंत्रण कक्षातून आम्ही एकेका चौकीला नंबराने हाक मारतो. "एक." "एक हजर." "दोन." "दोन हजर." अशा सगळ्या. एखादी गप्प राहिली तर तीनदा हाक मारायची. तरी गप्प, तर कारण शोधत बसायचं नाही, गाडी पाठवायची. बस, एवढंच.

इथे कुणी वाचणारं नाही म्हणून पुढचं लिहिते. सतरा म्हणजे हे. डोंगरावरची चौकी, आठवड्यातून एकदा घरी. बाकी दिवस आमची भेट हजेरीतच. मी म्हणायची, "सतरा." हे म्हणायचे, "सतरा हजर." आणि मग न बोलता माईकचं बटण दोनदा दाबायचे. टक, टक. नियमात बसत नाही ते. कामाशिवाय बटण दाबायचं नसतं. पण त्याचा अर्थ होता, जेवून घे. पाळीवर मी जेवायचं विसरते हे त्यांना माहीत होतं. घरी स्वयंपाक करताना मी पळी भांड्यावर दोनदा आपटली की पानावर येऊन बसायचे. लेक विचारायची, तुम्ही दोघं कशाला हसता? आम्ही सांगितलं नाही कधी.

मग एका संध्याकाळी सतरा गप्प राहिली. तीनदा हाक मारली. गाडी पाठवली. माझा आवाज अजिबात हलला नव्हता, असं सगळे सांगतात. हे खुर्चीतच होते, कानाला हेडफोन तसाच. हृदय थांबलं होतं.

पंधरवड्याने पाळीवर गेले. सोळापर्यंत आले. पुढचा आकडा तोंडातून बाहेरच पडेना. शेवटी शेजारच्या ऑपरेटरने हातातून माईक घेतला. तेव्हापासून भांडार.

ता. ८, शनिवार

दाखवली हजेरी. सभागृहात खुर्च्या लांब लांब मांडल्या, एक खुर्ची म्हणजे एक चौकी. बाराच चौक्या केल्या. सतरापर्यंत जायचं कारणच नव्हतं.

सगळ्यांना फार आवडली. 'हजर' हा शब्द त्यांनी मराठीतलाच ठेवला. पहाडाने मुलीसारख्या बारीक आवाजात "सात हजर" म्हटलं आणि खुर्ची मोडली. खरोखर मोडली! आता नाश्त्यालाही हजेरी होते.

संध्याकाळी बाईंनी बोलावलं. शेवटच्या मोठ्या सरावात ही हजेरी घ्यायची आणि माईकवर मी. मी नाही म्हटलं. दुभाषी मुलीने माझं 'नाही' चांगलं लांबलचक करून सांगितलं, काय काय घातलं त्यात कोण जाणे. बाई म्हणाल्या, "नाही म्हणताना तुमचा आवाज फार स्पष्ट येतो. तसाच हवा."

ता. १०, सोमवार

नर्स घोरते. मला झोप छान लागते.

ता. १२, बुधवार

आजचं आजच लिहून काढते. अजून हसू येतंय.

आज मोठा सराव होता. भूकंप झाला असं धरून चालायचं. गावातल्या लोकांनी हौसेने जखमी व्हायचं कबूल केलेलं. लाल रंग लावून माणसं फुटपाथवर पडली होती आणि एकमेकांशी गप्पा मारत होती. पाच पथकं गावभर पांगली. चौथ्यात पहाड, माझी नर्स आणि आणखी दोघं. मी सभागृहात माईकवर.

सकाळभर छान चाललं. सराव, अमुक ठिकाणी एवढे जखमी, सराव. मग हजेरी. एक हजर. दोन हजर. तीन हजर.

चार गप्प.

पुन्हा हाक मारली. गप्प. तिसऱ्यांदा मारली. सभागृहात बाकीच्यांची बडबड चालूच होती, मला ती ऐकू येईनाशी झाली. मी म्हटलं, "चौथं पथक उत्तर देत नाही. शेवटचा ठिकाणा चौकातली बेकरी. गाडी पाठवा." आवाज सरळ. आधी सराव म्हटलं नाही. नंतरही नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत खरा निरोप जसा देत आले, तसा दिला.

खिडकीतून पाहिलं तर ती लाल गाडी घंटा वाजवत निघाली. जायचं होतं फक्त चौकाच्या या टोकाहून त्या टोकाला! तरी घंटा वाजवत गेली. चार जवान नळी घेऊन बेकरीत शिरले.

मी धावले. जिना, रस्ता, चौक – कधी धावले होते आठवत नाही. आत पाहते तर काय! बेकरीवाल्याला टेबलाखाली अडकलेला माणूस व्हायचं होतं. पथकाने त्याला बाहेर काढलं. काढल्यावर तो ऐकेचना, जीव वाचवलात, आता केक खाऊनच जा. वायरलेस सेट पिठाच्या पोत्यावर ठेवला होता, वर त्याने आपला ॲप्रन टाकला. माझ्या तिन्ही हाका पिठात!

पहाड भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात वर करून उभा. मिशीला क्रीम. नळीचं तोंड त्याच्याकडे. मला बघून तो भरल्या तोंडाने म्हणाला, "चार हजर."

चौघंही जिवंत. एक तर जरा जास्तच.

मी हसायला लागले ते थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. नर्सने मला पिठाच्या पोत्यावर बसवलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. बेकरीवाल्याला वाटलं मी घाबरले. त्याने मलाही केक दिला. खाल्ला.

ता. १३, गुरुवार

सकाळी बाईंसमोर उभी राहिले तेव्हा नक्की वाटलं होतं, माईक गेला. इथूनच साहेबांना कळवतील. शब्द विसरणं ही लहान चूक नाही. तेवढ्यात कुठे खरी आग लागली असती तर?

अग्निशमन दलाचे प्रमुखही आलेले, पूर्ण गणवेशात. त्यांनी आधी मला चांगलं सुनावलं. दुभाषी मुलीने सगळं सुनावणं तितक्याच कडक आवाजात मला ऐकवलं. मग टोपी काढून ते म्हणाले, निरोप आला तेव्हा हा सराव आहे का, हे विचारायचं माझ्या एकाही माणसाला सुचलं नाही. असा आवाज आला की आधी निघायचं.

बाई म्हणाल्या, "शब्द विसरलात ही चूक. गाडी पाठवलीत ही चूक नाही. दोन्ही सगळ्यांसमोर सांगा." सांगितल्या. पहाड उभा राहिला आणि केकची चूक आपल्या नावावर घेतली.

दुपारी नर्सला सतराचं सांगितलं. दुभाषी मुलगी मध्ये बसली होती. बोलता बोलता तिचा आवाज बंद पडला. डोळे पुसून म्हणाली, "मी रडते आहे." मग तेच वाक्य तिने नर्सच्या भाषेतही सांगितलं! आम्ही तिघी ओल्या डोळ्यांनी हसलो.

नर्सने एकच विचारलं. "आता सतरावर कोण बसतं?"

मी म्हटलं, माहीत नाही. नऊ महिन्यांत मी चौकशीच केली नाही. कायमचं कुणी जायला तयार होत नाही, पाळीपाळीने पाठवतात, एवढंच कानावर होतं.

ती म्हणाली, "जो कुणी बसत असेल, तो संध्याकाळी आपला नंबर यायची वाट बघत असेल ना?"

हे मला सुचलं नव्हतं. मी आपली माईकच्या या टोकाचाच विचार करत बसले होते.

ता. १४, शुक्रवार

निरोप समारंभ. बेकरीवाला भला मोठा केक घेऊन आला, अग्निशमनची माणसं हात धुऊन तयार. नर्सने माझे केस विंचरून दिले, जशी काही मी शाळेला निघाले आहे.

बसपाशी पहाड म्हणाला, "सराव. पुन्हा भेटू." आणि थांबला. बाईंनी शिट्टी फुंकली, शेवटचा शब्द राहिला! त्याने मान हलवली. तो शब्द नाही म्हणजे नाहीच म्हटला. तसाच बसमध्ये चढला, तिरका होऊन.

ता. १७, सोमवार

साहेबांकडे गेले. म्हटलं, "माईक." त्यांनी मान वर न करता "पुढच्या सोमवारपासून" म्हटलं आणि चहा मागवला. दोन मागवले.

भांडाराची किल्ली देऊन टाकली. हेडफोन शेवटचे पुसले.

लेकीचा फोन घाईतला. नेमणूक झाली, लगेच निघायचं आहे. कुठे म्हटलं तर, "लांब आहे गं. फोनला रेंज नाही म्हणतात. पोचले की कळवीन. कशी, ते बघते." मी पुन्हा विचारेपर्यंत फोन बंद. आठ दिवसांत काही कळवलेलं नसलं तर मुख्यालयात विचारीन.

ता. २४, सोमवार

पहिली पाळी. हजेरी. सोळा हजर. पाणी प्यायले. वाट बघत असेल कुणी तरी, असं मनाशी म्हटलं आणि बटण दाबलं. "सतरा."

"सतरा हजर."

लेकीचा आवाज! अगदी सरकारी, नियमाप्रमाणे. आणि त्यानंतर – टक, टक.

म्हणजे कार्टीला सगळं ठाऊक होतं.

अठरापासून पुढची हजेरी पुरी केली. कामाशिवाय बटण दाबल्याबद्दल सतराला समज द्यायला हवी. आधी जेवून घेते.