टिटवी आणि बाही

तीर्थरूप बाबांना,
धाकटीचा लांबून, पण अगदी वाकून नमस्कार.

माझं छान चाललंय. लॉन्ड्रीत काम पुष्कळ असतं, पण उन्हाळा नुकताच लागलाय, म्हणून सुट्टीला समुद्राकाठी फिरून येते.

काल इस्त्रीवाल्या मावशींनाही नेलं. वाळूवर वेली पसरल्यात, त्यांना कर्ण्यासारखी जांभळी फुलं आलीत. खडकांच्या फटीत पिवळी आहेत, शर्टाच्या बटणाएवढी. त्यांची नावं तुम्हीच सांगाल कधीतरी. पुढे दगडगोट्यांमध्ये टिटवी अंड्यांवर बसलेली दिसली आणि मी सवयीनं, न बोलता, मावशींची बाही ओढली. त्या केवढ्यांदा ओरडल्या, "अगं बाई, साप?" टिटवी आमच्या डोक्यावर घिरट्या घालत शिव्या देत राहिली. आम्ही लांब सरकलो तेव्हा कुठे परत बसली.

पक्षी दिसला की तोंड बंद ठेवून बाही ओढायची, हा तुमचा नियम मग मी त्यांना समजावला. परतताना त्या कावळा दिसला तरी ओढत होत्या. माझ्या बाहीची शिवण उसवली.

जेवण जातं ना नीट? आईला विचारलं की "सुधारणा आहे" एवढंच म्हणते आणि विषय बदलते. बोलायची घाई करू नका, बाबा. शब्द येतील सावकाश.

आईला पत्र दोनदा वाचून दाखवायची सवय आहेच. दुसऱ्या वेळी टिटवी आली की तिची बाही ओढा. डाव्या हातानं ओढलीत तरी चालेल. उजव्यानं ओढलीत, तर तिनं वाचन तिथंच थांबवून मला फोन लावावा. मी कामावर असले तरी उचलेन.

तुमची,
धाकटी