मास्तरांचा न धुतलेला रोल

२१ ऑगस्ट २००५, रविवार. प्लेनो

आज पण फोटू धुवायच्या दुकानात जायचं राहिलं. विनू म्हणला, "आई, पुढच्या शनिवारी नक्की." ह्या देशात शनिवार सोडून दुसरा वार माझ्या वाट्याला नाहीच. लेकाला वेळ नाही, मला गाडी येत नाही, अन् गाडीशिवाय इथं कोथिंबीर पण मिळत नाही.

दुपारी विनूनं नव्या डिजिटल कॅमेऱ्यानं माझे चपाती लाटतानाचे चाळीस फोटू काढले. चाळीस! मास्तरांनी तेवढ्यात दोन लग्नं उरकली असती. (गाव ह्यांना फोटूमास्तर म्हणायचं. मी पण तेच म्हणायची. नाव घ्यायची भानगड नको.)

विनू: "आई, फिल्म संपली. तो हॉलिवूडचा मोठा डायरेक्टर टीव्हीवर म्हणाला, पुढं सगळं डिजिटलच." मृणाल लगेच: "आणि ती हिरॉईन म्हणते, चेहरा खरा फिल्मवरच दिसतो." जेवण होईपर्यंत नवराबायको दोन परक्या माणसांच्या तोंडानं भांडले. म्हणलं, त्या दोघांना बोलवा एकदा जेवायला, मिटवून टाकू. मास्तरांच्या कॅमेऱ्यातल्या माझ्या रोलमध्ये अजून पाच फोटू शिल्लक आहेत, ते संपले की फिल्म संपली म्हणा.

२४ ऑगस्ट, बुध.

सगळे हापिस-शाळेत. मागचं दार उघडलं तर चोरासाठी लावलेला भोंगा वाजला. बंद कसा करायचा माहीत नाही. कानात बोटं घालून बसले. आपोआप गप झाला.

मग पुढच्या दारानं कोपऱ्यापर्यंत गेले. मोठमोठी घरं, माणूस एक नाही. एक गोरी बाई गाडी थांबवून म्हणली, "आर यू ओके?" म्हणलं, ओके. परत विचारलं. परत ओके. माझं इंग्लिश तिथंच संपलं.

संध्याकाळी विनू: "एकटी भटकू नकोस गं. लोक पोलिसला फोन करतात." पायी चाललं की पोलिस! गावात चार पावलं चालले की चार चहा व्हायचे.

रिकाम्या रस्त्याचा एक फोटू काढला. राहिले चार.

२७ ऑगस्ट, शनि.

गेलो एकदाचे. दुकानातल्या पोरीनं डबी हातात घेतली, वाचली, मान हलवली. ब्लॅक अँड व्हाइट त्यांच्या मशीनमध्ये चालत नाही, म्हणे. घातला तर सगळा रोल खराब होईल. आणि ते मशीनच पुढच्या महिन्यात काढणार आहेत. नशीब, माझा रोल अजून कॅमेऱ्यात होता, रिकामी डबी नुसती दाखवायला नेलेली.

घरी येऊन डबी परत कॅमेऱ्याशेजारी ठेवली.

आज लिहूनच ठेवते. ह्या रोलचा पहिला फोटू मास्तरांचा आहे. सगळ्या तालुक्याचे काढले, स्वतःचा कधी नाही. रोल कॅमेऱ्यात भरताना पहिल्यावर उजेड लागलेला असतो, म्हणून तो मास्तर नुसताच दाबून टाकायचे. त्या दिवशी मी कॅमेरा ओढून घेतला. म्हणलं, वायाच जाणार ना, मग तुमचा काढते. पुढचा दात नुकता पडलेला. "अगं, दात!" म्हणून हसायला लागले आणि मी दाबलं. पुढचे सगळे त्यांनी काढले. रोल संपायच्या आत ते गेले.

चार वर्षं झाली. रोल पुरा झाल्याशिवाय धुवायचा नाही, हा त्यांचा नियम. तिकडं सगळे रोल अंधाऱ्या खोलीत मीच धुवायची. हाच तेवढा राहिला. राहिला काय, ठेवला.

१ सप्टें., गुरु.

विनूनं कागद आणले. "इथं सही कर, आई." केली. मग विचारलं कशाची. आणखी सहा महिने राहायचा अर्ज. "तिकडं एकटी काय करणारेस?" त्याचं पण बरोबर आहे. मृणाल पण चांगली आहे. चांगल्या माणसांवर चिडायला तोंडच मिळत नाही.

पासपोर्ट विनूच्या कपाटात. किल्ली कुठंय ते मला माहीत नाही.

४ सप्टें., रवि.

विनूनं सरप्राइज दिलं. भिंतीवर ह्यांचा जो फोटू आहे तो मतदानाच्या कार्डावरनं मोठा केलेला. तेराव्याला दुसरा सापडलाच नाही. त्यात पाकीटमार दिसतात. विनूनं त्याच्या आण्णांचा तो फोटू कॉम्प्युटरवर घेतला. सुरकुत्या काढल्या, कोट घातला, ओठ वर वाकवून हसवलं सुद्धा.

म्हणलं, "छान आहे. कोण हे?"

विनूचं तोंड उतरलं. जास्तच बोलले. पण हा माणूस दातासकट हसतोय.

१० सप्टें., शनि.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला मुंबईहून एक मोठे नट आलेत. मंडळाच्या रीतीप्रमाणे कलाकार कोणाच्या तरी घरी उतरतो. ह्या वेळी आमच्याकडं. माझी खोली त्यांना, मी रियाच्या खोलीत, खालच्या गादीवर. रिया म्हणते, "आजी, यू स्नोअर." म्हणलं, तुझ्या आजोबांनी कधी तक्रार नाही केली. ते माझ्यापेक्षा मोठ्यानं घोरायचे.

स्टेजवर मुलाखत झाली. पाहुणे म्हणाले, "डिजिटलमध्ये आत्मा नाही. मी फक्त फिल्म मानतो." टाळ्या. मग शंभर जणांनी डिजिटल कॅमेरे काढून त्यांच्याबरोबर फोटू काढले. प्रत्येकाला म्हणत होते, "दाखवा बघू कसा आलाय."

११ सप्टें., रवि.



सकाळी नाश्त्याला पाहुणे माझा कॅमेरा घेऊनच बाहेर आले. "मावशी, काय वस्तू आहे! ह्याला म्हणतात कॅमेरा!" विनूला सांगायला लागले, फिल्मवाल्याला बोटांत डोळे लागतात वगैरे. बोलता बोलता वरची घुंडी ओढली. मागचं झाकण खटकन उघडलं.

रोल आत. वर खिडकीतनं हे ऊन.

मी पोह्याची ताटली टाकून झाकण दाबलं, त्यांच्या बोटासकट. "आई गं!" ओरडले. म्हणलं, "बोटातला डोळा मिटला का?"

कोणी हसलं नाही. मी पण नाही.

ते बिचारे दहादा सॉरी म्हणाले. "रोल असेल असं वाटलंच नाही हो, मावशी." सगळे फिल्मवर बोलतात, आत फिल्म असेल असं कोणाला वाटत नाही.

१२ सप्टें., सोम.

रियानं विचारलं, "सो इज आजोबा गॉन?" मृणालनं तिला दटावलं. पोरीनं नीटच विचारलं होतं.

रात्रभर हिशेब केला. काढलेली फिल्म आत गुंडाळत जाते. ऊन लागतं ते वरच्या वेढ्यांना. पहिला फोटू सगळ्यात आत. पण पहिला म्हणजे भरतानाच उजेड लागलेला. दोन्हीकडनं ऊन, मध्ये मास्तर.

कॅमेऱ्यातनं रोल उलटा फिरवून डबीत घेतला. चार तसेच राहिले. नियम मोडला, मास्तर. तुमच्या नियमापायीच चार वर्षं काढली.

विनू हापिसातनं लवकर आला. "आई, काय काय लागतं ते सांग, मी ऑर्डर करतो." मी सांगितलं, फिल्म धुवायची दोन औषधं, डेव्हलपर आणि हायपो. त्यानं कागदावर लिहून घेतलं. फिल्म संपली, हे आज म्हणला नाही.

२० सप्टें., मंगळ.

खोकं आलं. मृणाल: "आई, माझी भांडी नका हं घेऊ." दह्याचे रिकामे डबे घेतले. ह्या घरात ते कधी कमी पडायचे नाहीत.

जागा पण शोधलीये. मृणालची कपडे ठेवायची खोली. एक खिडकी नाही. सहा महिने ह्या घरात काचाच काचा बघितल्या, आणि कामाची जागा ही. दाराच्या फटीला चादर लावायची.

२१ सप्टें., बुध.

सगळे गेल्यावर आत गेले. दार लावलं. ह्या घरात पहिल्यांदा दार मी लावलं. इतका अंधार की डोळे उघडे का मिटलेले कळेना. बरं वाटलं.

फिल्मची दोन टोकं दोन हातांत धरून डब्यात खालीवर, खालीवर. हात विसरले नव्हते. वेळेला आमचं घड्याळ म्हणजे पाढे. बावीसपासून तिसापर्यंत म्हणले की काढायची. सत्ताविसाला अडकले. हे असते तर पलीकडनं सांगितलं असतं. परत सव्वीसपासून धरलं. जास्त झालं का? झालं असेल थोडं.

हायपो. पाणी. मग दिवा लावला.

मृणालच्या हँगरला चिमट्यानं टांगलीये, खाली टोकाला दुसरा चिमटा. वरचा बराच भाग काळाकुट्ट, पाहुण्यांची कृपा. रस्ता गेला. खाली हळूहळू उजळत जातंय. दोन-तीन ठिकाणी माणसं दिसतात, कोणाचं तरी बारसं. आणि अगदी शेवटी, पहिला. अर्ध्यावर उजेडाचा पट्टा. अर्ध्यात काहीतरी आहे. चष्मा बाहेर राहिला. फिल्मवर सगळं उलटं, दात काळे दिसणार, पडलेल्या दाताची जागा पांढरी. पांढरं काहीतरी आहे. थेंब पण असेल.

गॅरेजचं दार वाजलं. विनू एवढ्यात कसा. जिन्यावर पावलं. दाराबाहेर येऊन थांबलाय. उघडत नाहीये, शहाणा.

"आई..."

"काय रे?"

"आण्णा आहेत का?"

म्हणलं, सुकू दे.