वर चार बोटं

दादा, उमापूरच्या घरातलं न्हाणीघर आता तुमचे नातू नवं करणार आहेत. काल मिस्त्री माप घ्यायला आला होता. बेसिनखालचं तुमचं सागवानी कपाट पाहून म्हणाला, "काका, हे एवढं उंच कावून केलंय? घरात पैलवान राहायचा का?" मी नुसता हसलो. त्याला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून तुम्हाला लिहायला बसलो.

आपल्या किराणा दुकानाला लोखंडी शटर बसलं, ते वर्ष. गावात केबलच्या तारा लोंबू लागल्या होत्या, गेवराईत फरशीचं चकचकीत दुकान निघालं होतं. दुकानाच्या दाराच्या जुन्या फळ्या, ज्या तुम्ही रोज एकेक करून खाचेतून काढायचात आणि लावायचात, त्या मागच्या खोलीत निकामी पडल्या. त्याच हिवाळ्यात आईचे गुडघे गेले. मोरीवर बसली की तिला उठता येईना. तोंड धुवायचं तरी कुणीतरी धरायला लागे, आणि तिला त्याची फार लाज वाटायची. तुम्ही गेवराईहून एक रंगीत कॅटलॉग आणलात. त्यात बेसिन, खाली लाकडी कपाट, वर आरसा. "असंच घरी करू. उभ्यानं तोंड धुईल ती. कुणाचा हात लागणार न्हाई," म्हणालात. मी बीडच्या शाळेतून रजा टाकून आलो.

अंगणात फळ्या आडव्या पडल्या आहेत. मी रंधा मारतो आणि इतक्या वर्षांचा मुरलेला हळदीचा, गुळाचा वास लाकडातून वर येतो. मी डोळे मिटून थांबतो. "मास्तर, कविता मागून. रंधा चालवा," तुम्ही म्हणता. मग तुम्ही आईला भिंतीशी उभं करून कोपरापर्यंतची उंची दोरीनं घेता.

"माझं माप काढायलाव व्हय? झंपर शिवता का काय?"

"गप उभी ऱ्हा."

"उभं ऱ्हाता आलं आसतं तर हे कपाट कशाला लागलं आसतं, वो?"

धान्य मोजून झालं की गिऱ्हाइकाच्या पिशवीत वर एक मूठ टाकायची, ही तुमची जन्माची सवय. नुसतं मापाइतकं देणं म्हणजे तुम्हाला हात आखडल्यासारखं वाटायचं. कपाटाचे पाय कापताना तुम्ही दोरी लावलीत आणि प्रत्येक पायाला वर चार बोटं सोडलीत. मला वाटलं, सांध्यासाठी असतील. सगळं बसवून झालं, आई पुढं उभी राहिली, तर बेसिन तिच्या छातीशी आणि आरशात फक्त कपाळावरचं भस्म. "वर मूठ टाकलीच का!" म्हणून ती इतकी हसली, की पडू नये म्हणून तुम्हाला तिला धरावं लागलं. मी पाट आणला. तुम्ही मागून तिचे खांदे धरलेत आणि तिनं ओंजळ भरून तोंड धुतलं. "लई गार हाय," म्हणाली. रविवारी कपाटाचे पाय कापून उंची कमी करायचं ठरलं.

रविवारी ती दवाखान्यात होती. पुढचा रविवार तिनं पाहिला नाही. आपल्यात बसवून मातीत ठेवतात. लोक तिची मांडी घालू लागले, तेव्हा कडेला उभे असलेले तुम्ही एकदम पुढं वाकलात. "हळू रे. गुडघे दुखत्यात तिचे."

नंतर मी करवत काढली, तर तुम्ही म्हणालात, "आता कुणासाठी कापतो बे?" आणि जाऊन दाराकडं तोंड करून बसलात. तुम्ही होतात तोवर त्या बेसिनचा नळ कुणी सोडला नाही.

वर्गात मी आईवरच्या कविता जन्मभर शिकवल्या. माझा आवाज भरून यायचा, पोरी ओढणी, रुमाल शोधायच्या. सरांचा आईवर फार जीव, असं सगळे म्हणायचे. होताच. वडिलांवरची कविता आमच्या पुस्तकांत क्वचितच असायची, आणि असली तरी मी ती घाईनं उरकायचो. हे पत्र टाकायला पेटी कुठली, दादा. पण आई ऐकत नाही असं धरून एक सांगतो. मला तिच्याहून तुमचीच आठवण जास्त येते.